भोकाचं नाणं

"आत्ता पाटा उचलतोय, बघा. अर्ध्या तासानं बघा. सासऱ्यासारखा बसून घेईल," उम्म सलामा ट्रॅक्टरच्या सीटवरूनच म्हणाली.

कालव्याच्या पाण्याची पाळी गुरुवारी संपणार होती. तोवर भाताची खाचरं चिखलणी होऊन सपाट व्हायला हवीत. तिची, आणि तिनं शब्द दिलेल्या पाच घरांची. नवरा, शहात, गेल्यापासून ट्रॅक्टर तीच चालवायची. मागच्या लोखंडी पाट्याला लिफ्टनं उचललं नाही तर ट्रॅक्टरचा उपयोग शून्य. तो भंगारात काढायला दीर टपलेलाच होता.

मिस्त्री उस्ता हिलमीनं हत्यारांची पेटी उघडली. कालव्याकाठच्या सात गावांतले ट्रॅक्टर त्याच्याच हातचे.

तेल.
पातळी बरोबर. बोटांवर चोळलं, दुधाळ नाही, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. मागच्या हंगामात एकानं ताअमियाची भजी तळलेलं तेल ओतलं होतं, म्हणून हुंगूनही पाहिलं. मी तुम्हाला तसली दिसते का, असं तिनं विचारलं.

झडप.
नंतर.

सील.
पाटा वर उचलून इंजिन बंद केलं. दोघांचा चहा पिऊन झाला, तरी पाटा तसूभरही खाली आला नव्हता. दाब धरला जात होता. तेल तापलं की तयारच होत नव्हता. सील धड आहे हे ऐकून उम्म सलामानं अल्लाचे आभार मानले आणि म्हणजे किरकोळच काहीतरी असणार, असं स्वतःच ठरवून टाकलं. हिलमी पेल्याच्या तळाशी बघत राहिला.

झडप.
नंतर, म्हटलं ना.

गाळणी.
रुमालावर झटकली. घाण नव्हती. पिवळी चमक होती, पितळेची पूड सांडल्यासारखी. दाब तयार करणारा पंप स्वतःलाच खात होता. असा पंप मागच्या वर्षी त्यानं तांता शहराच्या भंगारबाजारात दोन महिने शोधला होता. मिळाला नव्हता.

झडप.
पाना लावला. स्प्रिंग बाहेर आली आणि तिच्याखालून, त्याला आधीच ठाऊक होतं ते, भोकाचं पाव पौंडाचं नाणं.

एकोणीस वर्षांपूर्वी त्यानंच ते घातलं होतं. स्प्रिंगखाली नाणं गेलं की झडप उशिरा उघडते, दाब वाढतो, जुनी लिफ्ट नवीपेक्षा जोरात उचलते. शहातनं तेव्हा गावभर सरबत वाटलं होतं. मग लोक आपापलं नाणं घेऊनच हिलमीकडे यायचे. सहकारी संस्थेच्या इंजिनियरनं एकदा सांगितलं होतं, जास्तीचा दाब पंपाच्या जिवावर जातो, उस्ता. तुझे हात फार स्वच्छ आहेत, असं म्हणून हिलमीनं चारचौघांत त्याला हसण्यावारी नेलं होतं.

"ते परत तसंच बसवा हं," उम्म सलामा वाकून बघत म्हणाली. "शहात म्हणायचा, हिलमीच्या नाण्यावर आपलं घर उभंय."

"पंप ह्यानंच खाल्ला."

"कशानं?"

"ह्या नाण्यानं. म्हणजे मी."

कालव्यापलीकडे तीन ट्रॅक्टर चालू होते. आवाजावरून तिन्ही कुणाचे ते त्याला कळत होतं. तिलाही कळत असावं, कारण ती तिकडेच बघत होती.

"मग सगळ्यांचेच?" तिनं विचारलं.

हिलमीनं स्प्रिंग रॉकेलमध्ये धुतली. पुसली. पुन्हा धुतली. नाण्याशिवाय झडप बसवली आणि नाणं खिशात टाकलं.

गुरुवारपर्यंत तरी चालेल का, असं तिनं खालच्या आवाजात विचारलं. सकाळी, तेल गार असेतो चालेल, तो म्हणाला. दिवसाला एखादं खाचर. तिनं बोटांवर खाचरं मोजली आणि मध्येच मोजणं सोडून ट्रॅक्टर सुरू केला.

दुसऱ्या फेरीला ऊन चढलं. बांधाशी वळताना पाटा वीतभर उठला, थरथरला आणि चिखलात बसला. तिनं लिफ्टचा दांडा पुन्हा ओढला. इंजिन गुरगुरलं. पाटा जागचा हलला नाही.

उस्ता हिलमीनं चपला बांधावर काढल्या, लांब गलाबिया झगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि पाण्यात उतरून पाट्याखाली दोन्ही हात घातले.

"ओढा," तो म्हणाला.