वन्संच्या अंघोळीसाठी दुसरी टाकी

मागच्या खेपेला माईंच्या नणंदबाई अंघोळीला गेल्या आणि डोक्याला साबण लागलेला असतानाच पाणी गार पडलं. तेव्हापासून भेटेल त्याला त्या सांगत सुटल्या, "वहिनीकडे जायचं तर डोकं घरूनच धुऊन जा."

हे माईंच्या कानावर आलं. माईंनी नळवाल्याला बोलावलं आणि नणंदेला निरोप धाडला: "रविवारी या. वाटेल तेवढं न्हा. पाणी गार पडलं तर मी हात जोडते. नाही पडलं तर चारचौघांत म्हणायचं, 'वहिनी, तुझंच खरं.'"

चाळीस वर्षांत हे तीन शब्द त्या तोंडातून कधी निघाले नव्हते. त्या शब्दांसाठी माई भिंतसुद्धा पाडायला तयार होत्या. टाकीचं काय घेऊन बसलात!

नळवाल्यानं तळघरात जुन्या टाकीशेजारी नवी उभी केली. माईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

"हिची वायर कुठाय?"

"हिला वायर नसते, माई."

"मग करते काय ही? नुसती उभी राहते? तसा एक जावई आहे आमच्याकडे."

नळवाला हसू दाबत म्हणाला, "जमिनीतली ऊब ओढून तुमचं यंत्र घर तापवतं ना, त्यातली थोडी पाण्याला देतं. ते पाणी आधी हिच्यात साठणार. मग जुनीत गार पाणी न जाता गरमच जाणार, म्हणजे ती लवकर दमणार नाही. फक्त यंत्र चालू असलं पाहिजे. घर तापलं की यंत्र थांबतं, मग हिलाही काही मिळत नाही."

"म्हणजे यंत्र जितकं राबेल तितकं पाणी."

"तसंच म्हणा."

बिचारा म्हणून गेला आणि घरी गेला.

रविवारी उजाडताच माईंनी घरातल्या झाडून सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. बाहेर गवतावर बर्फाची साय धरली होती.

"अहो आई, गारठून मरू आम्ही!" सूनबाई हातमोजे घालून चहा गाळत होती.

"मरत नाही कुणी. घर तापलं की ते यंत्र पाय पसरून बसतं. आज बसू देणार नाही मी त्याला."

तळघरात यंत्र घाण्याच्या बैलासारखं फिरत राहिलं. मुलगा ओव्हरकोट घालून पेपर वाचत होता. लेक दोन रजयांत शिरली होती. जावई सोफ्याच्या गाद्या अंगावर घेऊन पडला होता, पण त्यात नवीन काही नव्हतं.

दहाला नणंदबाई आल्या, त्याही तीन टॉवेल घेऊन. इकडेतिकडे न बघता तडक न्हाणीघरात शिरल्या. माई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. अर्धा तास गेला. एक तास गेला. दाराखालून वाफ येत होती आणि आतून गाणं, तेही बेसूर.

"वहिनी!"

माईंनी दाराला कान लावला. "काय झालं वन्सं? गार पडलं?"

"कसलं गार! हाडं शेकून निघाली गं. वहिनी, तुझंच खरं!"

माई ताडकन उठल्या. "ऐकलंत का रे सगळ्यांनी?"

सोफ्यावर गाद्या होत्या, जावई नव्हता. पेपर जमिनीवर फडफडत होता. दाराशी नणंदबाईंची सोडली तर एकही चप्पल उरली नव्हती. उघड्या खिडकीतून समोर बघितलं तर शेजारच्या स्वयंपाकघरात चौघंही शेगडीभोवती, हातात वाफाळते कप. माईंनी हात हलवून बोलावलं. चौघांनी तिकडून हातानंच सांगितलं: आधी खिडक्या लावा.

"वन्सं, पुन्हा म्हणा बघू एकदा. थोड्या वेळानं."

"एकदा म्हटलं ना! कान गेले का तुझे?"

"चारचौघांत ठरलं होतं."

"मग आण चारचौघं. तोवर मी आणखी एकदा डोकं धुते."

माईंनी खिडकीची कडी धरली, सोडली, पुन्हा धरली. खिडक्या लावाव्यात तर यंत्र थांबणार आणि मधेच पाणी गार पडणार. न लावाव्यात तर ही नतद्रष्टं येणार नाहीत.

"वन्सं," त्या दाराला तोंड लावून गोड आवाजात म्हणाल्या, "तुम्हीच चला की शेजारी. दोन पावलं तर आहेत. तिथं म्हणा."

"ओल्या डोक्यानं? असल्या थंडीत? वेड लागलंय का गं तुला!" आतून आवाज आला आणि नळ पुन्हा सुरू झाला.