उत्तर : हरीण

कार्ड समोर आलं तसं बाबांनी मान पुढे काढली, घसा खरवडल्यासारखा केला आणि म्हणाले, "भेकर."

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांच्या तोंडून शब्द म्हणावा असा काही निघालाच नव्हता. आताही घर, घोडा, पंखा अशी चित्रं दाखवून झाली होती आणि प्रत्येक वेळी ते, बंद दुकानाच्या पाटीकडे बघावं तसे, नुसते बघत राहिले होते.

मागे उभ्या असलेल्या लेकीने त्यांच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

बोलण्याचे उपचार करणारी मुलगी वयाने लहान होती, स्वभावाने गरीब. तिने कार्ड उलटं करून मागचं उत्तर पाहिलं. "छान बोललात, काका. पण हे हरीण आहे." आणि कागदावर फुली मारली.

"फुली का मारलीत?" लेकीने विचारलं.

"ताई, अपेक्षित उत्तर हरीण आहे."

"मग हे काय आहे? ठिपके दिसतायत का कुठे? नाहीत, म्हणजे चितळ नाही. शिंगं बघा केवढीशी, म्हणजे सांबर नाही. भेकरच आहे ते."

"असेल, पण आम्हाला नेहमीच्या वापरातला शब्द लागतो."

"कुणाच्या नेहमीच्या? यांची सगळी नोकरी जंगलखात्यात गेली. हरीण म्हटलं की खवळायचे. म्हणायचे, हरीण मला एक धरून आणून दाखव. चितळ म्हण, सांबर म्हण, भेकर म्हण. उद्या तुम्हाला कुणी यांचा फोटो दाखवला आणि हे कोण विचारलं, तर माणूस म्हणून सांगाल?"

भिंतीला टेकून मोबाइल चाळणाऱ्या दादाने मान वर केली. "झालं हिचं सुरू. वर्ग घेतेस का इथे?"

"तू गप्प बस. भुंकल्यासारखं ओरडतं, भेकतं, म्हणून भेकर. वाघाचा वास आला की भेकत राहतं, सगळ्या जंगलाला कळेपर्यंत. हे मला बाबांनी सांगितलंय. तुलाही सांगितलं असेल. पण तू घरात असायचास कधी?"

"आज आलोय ना?"

आला होता, कारण आज ठरायचं होतं. तहान लागली, दुखतंय, एवढं जरी बाबांना सांगता येणार असेल, तर दिवसा एक बाई ठेवून ते लेकीकडेच राहणार होते. नसेल, तर दादाने शुश्रूषागृहात एक खाट धरून ठेवली होती, बसमध्ये रुमाल टाकून जागा धरावी तशी. त्याचंही अगदीच चूक नव्हतं. पण बाबांना कूस बदलून देणं, त्यांची चादर धुणं, तोंडात घास घालून तो गिळला जाईपर्यंत बसून राहणं, यातलं त्याने काही केलं नव्हतं. लोक लेकीला म्हणत, धन्य आहेस बाई. धन्य म्हणून टाकलं की हातभार लावावा लागत नाही. परवा ती ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभ्या उभ्या झोपली होती आणि लिफ्ट तिला घेऊन वरखाली करत राहिली होती.

उपचार करणाऱ्या मुलीने फुली खोडली. "ठीक आहे ताई. बरोबर धरते."

"बघितलंस?" लेक दादाला म्हणाली.

दादाने मोबाइल खिशात घातला आणि तो बाबांसमोर उकिडवा बसला. "बाबा, परत म्हणा ना."

"भेकर," बाबा म्हणाले. स्वच्छ, ठणठणीत.

मुलीने पुढचं कार्ड धरलं. कप.

"भेकर."

किल्ली.

"भेकर," बाबा म्हणाले आणि शाबासकीसाठी दादाकडे पाहिलं.

मुलीने कार्डं बाजूला ठेवली आणि पाण्याचा पेला उचलून त्यांच्यापुढे केला. "काका, तहान लागली की काय मागायचं?"

बाबांनी पेल्याकडे पाहिलं, विचार केला, आणि मोठ्या खात्रीने तोच शब्द सांगितला.

दादा उठला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, "होतं असं. एक शब्द हाताला लागतो, मग सगळीकडे तोच येतो."

लेकीने खुर्चीची पाठ सोडली. कोपऱ्यातलं स्टूल ओढून ती बसली. हा क्षण आला तर आपण ढसाढसा रडू, असं ती इतके महिने धरून चालली होती. रडू आलं नाही. भरलेल्या बादल्या वरच्या मजल्यावर नेऊन खाली टेकवल्यावर बोटं कशी हळूहळू सरळ होतात, तसं खांद्यांचं होत होतं. ती दादाकडे बघेना. बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं.

"थोडं थांबून पुन्हा विचारू या," मुलगी म्हणाली. "विश्रांती मिळाली की कधी कधी दुसरा शब्द येतो. असा आलेला मी पाहिलाय."

"विचारा की," दादा खिडकीतूनच म्हणाला. "आपल्याला कुठे घाई आहे? काय गं?"

लेकीने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. बाबांचा हातरुमाल घडी करून पिशवीत ठेवला आणि पिशवीची चेन ओढली.

"नको," ती म्हणाली. "दमलेत ते."

बाबा खुर्चीत ताठ बसले होते, टेबलावरच्या उरलेल्या कार्डांवर नजर ठेवून.