कोशातला दोष

शब्दकोश घ्यायचा असेल तर तो पहिल्या पानापासून कधीही चाळू नये, असं अनुस्वारकाकांचं ठाम मत होतं. 'अ'ला कोशकार ताजातवाना असतो, 'क'पर्यंत त्याचा उत्साह टिकतो, आणि 'म' आला की बिचाऱ्याला कधी एकदा आडवा होतोय असं झालेलं असतं. म्हणून कोश उघडायचा तो मधोमध. तिथे ज्याने अंग चोरलेलं नाही, त्याच्यावर पुढचीमागची अक्षरं खुशाल सोपवावीत.

हे सगळं त्यांनी कोशवाल्या बाईंना पहिल्याच भेटीत ऐकवलं. पुस्तकांच्या एका दुमजली दुकानात वरच्या मजल्यावर व्याकरणं आणि शब्दकोश असत, आणि बाई गेली वीस वर्षं ते कपाट सांभाळत होत्या. पंधरावीस भाषांची त्यांना तोंडओळख होती. म्हणजे गप्पा एकीतही मारता येत नसत, पण कुठलाही शब्द कुठल्या पानावर असेल ते बरोबर सांगता येई. त्यांनी काकांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं आणि एक स्टूल पुढे सरकवलं. हे गिऱ्हाईक तासाभराच्या आत हलत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

काका छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. एकदा एका अनुस्वारासाठी त्यांनी यंत्रावर चढलेला छपाईचा फर्मा खाली उतरवायला लावला, आणि तेव्हापासून त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, काकू जाऊन तीन. लाल पेन्सिल मात्र अजून खिशात असे. दुकानांच्या पाट्या वाचतानासुद्धा त्यांचा हात खिशाकडे जायचा.

त्यांनी खिशातून पेन्सिलीबरोबर एक चिठ्ठी काढली. तिच्यावर पाच शब्द होते: मनधरणी, मिंधा, रुसणे, लाड, लुडबुड. हे पाच मराठी शब्द ज्याला परक्या भाषेत नेणं झेपेल तो कोश घ्यायचा. पहिल्याने 'रुसणे'ला सरळ 'रागावणे'च्या घरात नेऊन बसवलं होतं. काकांनी तो मिटला. दुसऱ्यात 'मिंधा' नव्हताच. तिसरा जाडजूड होता आणि त्यात 'रुसणे'पुढे सबंध दोन ओळी होत्या. बाईंनी त्या लावून सांगितल्या: जवळच्या माणसाने समजूत काढावी म्हणून त्याच्यावर रागावणे, आणि तसे बोलून न दाखवणे.

"हा कोशकार संसारी दिसतो," काका म्हणाले आणि तो कोश त्यांनी मांडीवर घेतला.

व्याकरण निवडणं जास्त जिकिरीचं निघालं. एकात राजाची बहीण पानोपानी नदीकाठी फुलं वेचत होती. दुसरं प्रवाशांसाठी होतं. त्यातल्या माणसाची बॅग पहिल्या धड्यात हरवायची, दुसऱ्यात पोट बिघडायचं आणि पाचव्यात तो पोलिसांना आपला पत्ता सांगत असायचा. काकांना ना फुलं वेचायची होती ना पोलिसांत जायचं होतं. त्यांना 'पाणी तापलं का', 'तू बस, मी बघतो' असली वाक्यं हवी होती, घरात लागतात ती. शेवटी बाईंनी खालच्या फळीवरून करड्या पुठ्ठ्याचं एक व्याकरण काढलं. काकांनी ते सवयीप्रमाणे मधोमध उघडलं. सातव्या धड्यात एक कुटुंब टेबल आवरत होतं आणि ही छत्री कोणाची, तो चष्मा कोणाचा यावर एकमेकांशी हुज्जत घालत होतं. काकांचा जीव तिथेच जडला.

जिन्यापाशी एक पाटी होती: 'दोष दाखवा, पुस्तक परत करा. मुदत एक महिना.' असली रोखठोक पाटी काकांनी आयुष्यात पाहिली नव्हती. त्यांनी ती दोनदा वाचली, एकही चूक सापडली नाही, आणि ते खुशीत घरी गेले.

या वयात परक्या भाषेचा हा उपद्व्याप कशासाठी, तर सुनेसाठी. चिरंजीव बोटीवर इंजिनिअर. एकदा समुद्रात गेले की दोन-दोन महिने पत्ता नाही. त्यांनी लग्न केलं ते दूरच्या एका बंदरात, तिथल्याच मुलीशी, आणि बिऱ्हाडही तिथेच केलं. नुकतेच ते फोनवर म्हणाले होते, बाबा, मोठं घर मिळालं की तुम्ही इकडेच या. काका 'बघू' म्हणाले, फोन खाली ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोश आणायला गेले. तिथे गेल्यावर मुलगा असणार पाण्यात. उठता-बसता गाठ पडणार ती सुनेशी. आणि सुनेशी त्यांचं आजवरचं संभाषण म्हणजे एक नमस्कार, तिकडून एक नमस्कार, मग दोघांचं हसणं, आणि मग मुलाने फोन घेणं. तीही म्हणे पर्समधल्या एका पिवळ्या पुस्तकावरून मराठी शिकत होती.

काकांनी अभ्यास सुरू केला तो अर्थातच सातव्या धड्यापासून. आधीचे सहा ताजेपणाच्या संशयावरून त्यांनी सोडून दिले. पंधरा दिवसांत घरातली प्रत्येक वस्तू कोणाची आहे हे त्यांना सुनेच्या भाषेत विचारता येऊ लागलं. वरच्या मजल्यावर राहणारी त्यांची थोरली बहीण, सगळ्यांची ताई, चहाला खाली आली की कपाकडे बोट दाखवून ते विचारायचे, आणि ताई म्हणायची, माझाच आहे, आण इकडे.

तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. पाकिटावरचं अक्षर शाळेतल्या पोरीसारखं गोल आणि जपून काढलेलं होतं. मजकूर असा:

'बाबांना नमस्कार. हे पत्र मी एकटीने लिहिले. तुमचा मुलगा समुद्रात आहे, त्याला माहीत नाही. नवीन घर मिळाले. घराला तीन खोल्या आहेत. माझ्या आईने घर पाहिले, तिला फार आवडले. पुढच्या महिन्यात आम्ही तिथे राहायला जाऊ. आम्ही रोज एकत्र जेवू. आम्ही आनंदात राहू. तुम्ही काळजी करू नका.'

काकांनी ते पहिल्यांदा वाचलं ते पेन्सिल हातात घेऊन, आणि त्यांची छाती फुगली. एक काना इकडचा तिकडे नाही. छापखान्यातल्या भल्याभल्यांना असलं निर्दोष लिहिता येत नसे. कौतुकाने त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं, तेव्हा कुठे अर्थ लागला. आम्ही राहायला जाऊ. आम्ही जेवू. मुलगा तर बोटीवर, मग रोज एकत्र जेवणार कोण, तर ती आणि तिची आई. तिची आई त्याच गावात एकटी राहते, हे काकांना माहीत होतं. तीन खोल्या होत्या; एक जोडप्याची, एक आईची, एक बसाउठायची, तिन्ही भरल्या. आणि वर, तुम्ही काळजी करू नका.

पण बोलतील तर ते काका कसले. त्यांनी पत्राची घडी घातली, पेन्सिल खिशात ठेवली आणि त्या संध्याकाळी व्याकरण उघडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ताईने कपाकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं, आणि पत्र मागून घेऊन वाचलं.

"रुसलास होय रे?" ती म्हणाली.

रुसायला मी काय लहान आहे, असं काका म्हणाले. तिची आई आहे, तिचा हक्क पहिला, यात काय वाईट. ताईने फोन करून विचार म्हटलं, तर त्यांनी झटकून टाकलं. आपल्याला नेणार आहात का, हे माणसाने स्वतःच्या तोंडाने विचारायचं कसं? नसेल न्यायचं तर त्या बिचारीला अवघडायला होणार, आणि नेणार असतील तर ती दया झाली. त्यापेक्षा नकोच. पुस्तकं परत करून टाकतो, मुदत अजून आहे.

दुकानात बाईंनी परतीची वही काढली. तिच्यात तीन रकाने होते: पुस्तक, तारीख, दोष. पहिले दोन त्यांनी भरले आणि पेन तिसऱ्यावर टेकवून वर पाहिलं.

काकांची पंचाईत झाली. दोष काय सांगणार? छत्तीस वर्षांत त्यांनी बिनचूक पानावर खूण केली नव्हती. आता स्वतःच्या सोयीसाठी एका प्रामाणिक कोशावर आळ घ्यायचा, हे काही त्यांच्या मनाला रुचेना. बाईंना त्यांनी थांबायला सांगितलं, स्टूल ओढलं आणि खराखुरा दोष शोधायला कोश उघडला. 'म' पाहिला, 'र' पाहिला. सगळं चोख. मग कधी नव्हे ते त्यांनी अगदी सुरुवातीची पानं उलटली, कारण गेले चार दिवस एकच शब्द त्यांच्या डोक्यात ठाण मांडून होता. 'आम्ही'. समोर एक छोटा शब्द. ठीक. आता 'आपण' बघावा म्हणून ते मागे आले, तर तिथेही पहिला अर्थ तोच शब्द, अक्षर न् अक्षर तोच.

काकांना चार दिवसांत पहिल्यांदा हुशारी आली.

"हा घ्या दोष," ते म्हणाले. "एकच शब्द दोनदा जुळवलाय. 'आम्ही'चा उचलून 'आपण'ला लावला. मुद्रितं तपासणारा झोपला होता."

बाईंनी पान पाहिलं. वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी काकांच्याच पिशवीतलं करडं व्याकरण काढलं, पहिला धडा उघडला आणि तळटिपेवर बोट ठेवलं. तो धडा इतका कोरा करकरीत होता की पानं एकमेकांना चिकटलेली होती.

"चूक नाही काका. त्यांच्यात एकच आहे. समोरच्याला धरून म्हणा नाहीतर वगळून म्हणा, शब्द तोच."

काका तळटीप वाचत बसले. दोन ओळींची होती, पण त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी खिशातून पत्र काढून बाईंसमोर ठेवलं आणि पिवळ्या पुस्तकाचं सांगितलं. बाई उठल्या. परक्या लोकांना मराठी शिकवणारी पुस्तकं शेजारच्याच फळीवर होती, आणि पिवळं, पर्समध्ये मावेल असं त्यात एकच होतं. त्यात सर्वनामांचा तक्ता होता. सुनेच्या भाषेतल्या त्या छोट्या शब्दापुढे फक्त 'आम्ही' छापलं होतं. 'आपण' होता, पण पार खाली, वेगळ्या चौकटीत. अर्थ दिला होता: तुम्ही, अत्यंत आदराने, वडीलधाऱ्यांशी बोलताना वापरावे.

म्हणजे त्या पोरीला दुसरा शब्दच कोणी दिला नव्हता. काकांना एकदम हलकं वाटलं, आणि लगेच पुन्हा धास्ती वाटली.

"म्हणजे मी त्यात आहे?" त्यांनी विचारलं.

"असाल. नसालही," बाई म्हणाल्या. "ते पुस्तकात नाही सापडायचं. विचारावं लागेल."

काका पुस्तकं घेऊन घरी आले. ताई पायरीवरच भेटली; तिला त्यांनी थोडक्यात सांगितलं आणि ती मागोमाग आत येऊन बसली. दुपारचे तीन वाजले होते, तिकडे नुकतंच उजाडलं असणार. पण विचारायचं काय? 'आम्ही की आपण' हे सुनेच्या भाषेत विचारायची सोयच नव्हती. काकांनी सातवा धडा काढला. छत्री कोणाची, चष्मा कोणाचा. छत्री काढून त्यांनी खोली घातली, मागे 'तिसरी' जोडली, आणि ते चार शब्दांचं वाक्य कागदावर लिहून तीनदा तपासलं. मग फोन लावला.

सुनेने उचलला. नमस्कार झाले. नेहमीप्रमाणे ती हसली, पण काका हसले नाहीत. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि, आयुष्यात पहिल्यांदाच, तिच्या भाषेत तिला एक अख्खं वाक्य म्हणून दाखवलं. तिसरी खोली कोणाची आहे?

पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला, बारीक पानांचा, घाईघाईने. काकांच्या हातातली पेन्सिल कागदावर टेकून राहिली होती. त्यांना वाटलं, उगाच विचारलं.

"आपली," सून म्हणाली. मग आणखी दोन पानं उलटली. "बाबा, खोली आपली. मोठी खिडकी आहे."

काकांना काही तिला धन्यवाद म्हणता आलं नाही, ना तिच्या भाषेत ना स्वतःच्या. त्यांनी नुसतं 'हो, हो' म्हटलं, आणि तिला ते कळलं असावं, कारण ती पुन्हा हसली.

फोन ठेवल्यावर ताईने विचारलं, काय म्हणाली?

"खोली आपली आहे म्हणाली."

"आपली म्हणजे कोणाची? तुझी एकट्याची, की तुम्हा सगळ्यांची?"

काकांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, मग डोळेही पुसले. पेन्सिल उचलून त्यांनी खिशात ठेवली.

"दोन्ही अर्थ बरोबर आहेत," ते म्हणाले.