दारावरची पाचवी ओळ

मर्ल ऑस्टरगार्डनं खडू लावलेली दोरी दाराच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ताणली, मधोमध चिमटीत उचलली आणि सोडून दिली. लाकडावर निळी, सरळ रेघ उमटली. चाळीस वर्षं त्यानं हॅडली गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. पाण्याच्या टाकीवरचं गावाचं नावही त्याच्याच हातचं. सत्तरी उलटली तरी हात शाबूत आहे हे बघून त्याला बरं वाटलं.

दार सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलेलं होतं. विद्यापीठानं खेळाडूंची जुनी इमारत पाडली तेव्हा हार्लन व्हेन्झलनं ते लिलावात उचललं होतं. तेव्हापासून विद्यापीठाच्या टीमच्या, अमेरिकन फुटबॉलच्या, गावातल्या प्रत्येक सामन्याआधी, धान्याच्या कोठारांशेजारच्या या पार्किंगमध्ये, ते मर्ल, हार्लन आणि आणखी दोघांचं जेवणाचं टेबल व्हायचं. एका टोकाला चिलीचं, म्हणजे राजमा-खिम्याच्या रश्श्याचं, भांडं आणि दालचिनीच्या रोलचा ट्रे. दुसऱ्या टोकाला चार ओळी. कोच नोकरीवरून गेला की त्याच्या कारकिर्दीतून आपण काय शिकलो ते एका ओळीत दारावर लिहायचं, असा या मंडळींचा नेम होता. भांडून, हात वर करून ओळ ठरायची आणि मर्ल ती ब्रशनं लिहायचा.

'नुसत्या बचावावर सामने जिंकता येत नाहीत.' 'ज्याला हॅडली नकाशात शोधावं लागलं, त्याला आणू नका.' 'घरचा माणूस कोच करू नका, काढताना रडू येतं.' आणि सगळ्यांत अलीकडची, 'गोड बोलणाऱ्याला आधीच विचारा, हरल्यावर काय बोलशील.'

पाचवी ओळ रॅन्डल स्टॅमीची. सहा वर्षं, सव्वीस विजय, शेहेचाळीस पराभव. गेल्या रविवारी त्याला काढलं. आज मोसमातला शेवटचा सामना होता, दुपारी एक वाजता, आणि टीम कुणातरी हंगामी कोचच्या हाती होती. जिंकले काय नि हरले काय, कुणाला पर्वा नव्हती. लोक जेवायला आले होते, आणि शिव्या द्यायला.

"बोला," हार्लन म्हणाला. तो कोठारावरचा निवृत्त मॅनेजर; सभेचा अध्यक्ष आपणच, असं तो धरून चालायचा. "माझं म्हणणं साधं आहे. पहिल्या वर्षी आठ सामने जिंकला काय, आणि आपण त्याला डोक्यावर घेऊन नाचलो काय. तिथंच चुकलं."

"आपण म्हणजे कोण?" जीन स्कूलीनं विचारलं. गावातलं औषधांचं दुकान त्याचं. "तुझ्या गाडीच्या काचेवर त्याचं थोबाड चिकटवलेलं होतं."

"ते डोरीननं लावलं होतं."

"माझ्या नावावर खपवू नकोस," हार्लनची बायको चिली ढवळता ढवळता म्हणाली. "लावलं तू. खरवडून काढलं मी. ब्लेडनं."

मर्ल हसला. आज त्याला हसू लवकर येत होतं. रंगाचा डबा उघडताना त्यानं पुन्हा एकदा हायवेकडून येणाऱ्या रस्त्याकडे नजर टाकली. त्याच्या शर्टाच्या खिशात एक जास्तीचं तिकीट होतं.

ते तिकीट टकरसाठी होतं. टकर त्याचा मुलगा. याच गावात वाढला आणि याच टीमचा क्वार्टरबॅक, चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, झाला. दोन मोसम टीमचे सगळे चेंडू तोच फेकत होता, आणि गावातले लोक वाण्याच्या दुकानात कौतुकानं मर्लचा हात धरून हलवत होते. मग चार वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एका सामन्यात त्यानं फेकलेले तीन चेंडू समोरच्या टीमच्या खेळाडूंनी झेलले आणि अख्ख्या स्टँडनं त्याची हुर्यो उडवली. पुढच्या शनिवारी स्टॅमीनं त्याला बाकावर बसवलं. वसंतात टकरनं टीम सोडली, मग कॉलेज, मग गाव. दूरच्या टल्सा शहरात तो एअर कंडिशनरची कामं करायचा आणि दर रविवारी आईला फोन करायचा. चार वर्षांत एकदाही घरी आला नव्हता.

मर्लनं त्याचं खापर स्टॅमीवर फोडलं होतं. म्हणूनच गेल्या रविवारी बातमी कळल्याबरोबर त्यानं स्वतः फोन लावला.

"गेला रे तो," त्यानं सांगितलं. "आता ये. शनिवारचं तुझं तिकीट काढून ठेवतो."

पलीकडे टकर बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बघतो, बाबा."

त्या 'बघतो'वर मर्लनं सहा दिवस काढले होते. टकरच्या खोलीतली खिडकी अडकत होती, ती त्यानं रंधा मारून सरळ केली. बायकोला, इल्सेला, त्यानं आज चल म्हणून आग्रह केला, पण तिनं गुडघ्याचं कारण सांगितलं. चार वर्षं शनिवार आला की तिचा गुडघा दुखायचा.

"स्टॅमीनं टकरचं जे केलं," हार्लन म्हणाला, "ते मी विसरणार नाही. पोराला पुढं करून स्वतः मागं लपला. आणि या मर्लचं बघा. त्या दिवशी चाळीस हजार माणसं याच्या पोराची हुर्यो उडवत होती, आणि हा मुकाट बसून ऐकत होता. मी असतो तर चार जणांचे दात पाडले असते."

"तू होतास की," डोरीन म्हणाली. "तू पण ओरडत होतास."

"मी स्टॅमीला ओरडत होतो."

मर्ल काडीनं रंग ढवळत राहिला. तो मुकाट बसला नव्हता. तिसरा चेंडू हवेत गेला तेव्हाच तो कुठं पडणार हे त्याला दिसलं. इतकी वर्षं सामने बघितलेल्या कुणालाही दिसलं असतं. तो सगळ्यांबरोबर उठला. हात आपोआप तोंडाशी गेले आणि आवाज पोटातून आला, जसा वाईट फेकीला नेहमी यायचा. तो चेंडू कुणी फेकला होता हे त्याला हात खाली घेताना आठवलं. आजूबाजूचे सगळे मैदानाकडे बघत होते. कुणी पाहिलं नाही, अशी त्यानं तिथल्या तिथं स्वतःची खात्री करून घेतली आणि पुढं ती कधी तपासली नाही. इल्सेलाही सांगितलं नाही.

"काल रेडिओवर ऐकलं का तुम्ही?" जीननं रोलचा तुकडा चिलीत बुडवला. "स्टॅमीबरोबर काढलेला एक सहायक कोच बोलत होता. हा स्टॅमी म्हणे दर रविवारी पोरांना आदल्या दिवशीच्या सामन्याची टीव्हीवरची फिल्म दाखवायचा. एकदा त्यानं ती मधेच थांबवली. खेळ नव्हता, कॅमेरा स्टँडवर फिरला होता. एका पोराचा बाप दिसत होता. दोन्ही हात तोंडाशी, हुर्यो उडवतोय. मोठ्ठं चित्र, भिंतभर."

"आणि?"

"आणि त्या पोराला म्हणाला, बघ, तुझ्या घरच्यांनाही तू नको आहेस. सगळ्या टीमसमोर. चित्र हटवलंही नाही. ते तसंच भिंतीवर ठेवून अर्धा तास पुढच्या सामन्याचं बोलत राहिला."

डोरीननं पळी भांड्यात सोडली. "हरामखोर."

"कुणाचा पोरगा?" हार्लननं विचारलं.

"नाव नाही सांगितलं. पोराची लाज राखायची, म्हणाला."

"स्टॅमी हलकट, ते आपल्याला माहीतच आहे. पण तो बाप? स्वतःच्या पोराची हुर्यो?"

"हॅडलीचा नसणार," जीन म्हणाला. "बाहेरगावचा असेल कुणीतरी. आपल्याकडं असं कुणी करणार नाही. काय रे मर्ल?"

ब्रशवरून रंगाचा एक थेंब दारावर पडला. मर्लनं तो चिंधीनं पुसला.

"नाही," तो म्हणाला.

दुसरा कुणी असेल. टीममध्ये शंभर पोरं होती, शंभरांना बाप होते. त्याच टीममधल्या कॉर्बिनचा बाप तोंडाळ होता, दारू पिऊन यायचा. तो असेल. दुसऱ्या एका माणसानं आपल्या पोराशी असं वागलेलं असावं, अशी मर्लनं अगदी मनापासून आशा केली, आणि अशी आशा करताना त्याला स्वतःची किळस आली. मग 'बघतो, बाबा'च्या आधीची ती शांतता त्याला आठवली. चार वर्षांत टकरनं एक शब्द काढला नव्हता. इल्सेनंही नाही. आणि तिचा गुडघा रविवारी चर्चच्या पायऱ्या बिनतक्रार चढायचा.

"ठरलं मग," हार्लन म्हणाला. "जिंकणं-हरणं गेलं खड्ड्यात. स्टॅमीपासून शिकायचं ते हेच. 'आधी माणूस बघा, मग कोच.' हात वर."

तिघांचे हात वर गेले. मर्लनं ब्रश धरलेला हात जरासा उचलला, तो चौथा धरला गेला.

हात स्थिर राहावा म्हणून त्यानं मनगटाखाली काठी टेकवली आणि लिहायला घेतलं. अक्षरं रेघेवर नीट बसत गेली. 'माणूस' लिहिताना हात कापेल असं त्याला वाटलं होतं. कापला नाही, आणि त्याचा त्याला राग आला.

"छापल्यासारखं," जीन मागून म्हणाला. "सगळ्यांत देखणी ओळ हीच झाली बघ."

स्टेडियमच्या बाजूनं बँडचे ढोल सुरू झाले. साडेबारा वाजले होते. आसपासच्या टोळ्या शेगड्या विझवून, खुर्च्या मिटून निघायला लागल्या. डोरीननं दोन रोल फॉइलमध्ये गुंडाळून ट्रेच्या कडेला बाजूला ठेवले.

"हे टकरसाठी. लहानपणी चार चार खायचा. पोचेल ना तो वेळेवर?"

"तो यायचा नाही," मर्ल म्हणाला.

"फोन आला का त्याचा?"

"नाही."

"मग असं काय बोलतोस? आता कसली अडचण आहे? कोच तर गेला."

मर्लनं ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात बुडवला, चिंधीवर पुसला, परत बुडवला. केसांतला रंग केव्हाच निघाला होता.

"कोच गेला, डोरीन," तो म्हणाला. "मी अजून इथंच आहे."

हार्लनला तो विनोद वाटला. तो मोठ्यानं हसला, आणि डोरीन हसत नाहीये हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.