आधी हात लावा

आपण कविता लिहितो, याला आईनं एकदा तरी बरं म्हणावं, एवढंच नेरेइदाला हवं होतं. म्हणून तर सान अंतोनियोच्या वाचनालयातल्या कवितावाचनाला तिनं आईला अक्षरशः ओढून आणलं. एवलालियाबाईंच्या लेखी कविता म्हणजे रिकामपणचे उद्योग. त्यातून आजची स्पॅनिशमध्ये! इथल्या इंग्रजी शाळेत घरची स्पॅनिश बोलल्याबद्दल बाईंनी लहानपणी छड्या खाल्ल्या होत्या. म्हणून लेकीला इंग्रजीतच वाढवलं, आणि मग तिच्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशला जन्मभर हसल्या. घ्या! आपणच पाय बांधायचे आणि वर लंगडी म्हणायचं.

गाडीतही चालूच. "पाच महिन्यांचं पोर घरात, आणि तू कागद काळे करतेस. तेही आपल्या भाषेत. हसं होईल गं!"

"होऊ दे. उद्या शिमेनानं विचारलं, आई, तुला आपली भाषा का येत नव्हती, तर काय सांगू?"

यावर बाईंनी शेजारी झोपलेल्या शिमेनाचं टोपडं सारखं केलं.

पन्नासेक माणसं जमली होती, बहुतेक सगळी वस्तीतलीच. शिमेना पहिल्या रांगेत आजीच्या मांडीवर. तीन बाया वाचून गेल्या, मग नेरेइदा उभी राहिली. लेकीचे गुळाच्या रंगाचे डोळे, दूध पिताना मुठीत घट्ट धरलेलं आईचं बोट, तिला जोजवताना आपसूक ओठांवर येणारी आजीची भाषा, असं सगळं तिनं वाचलं. शेवटची ओळ संपली. आता टाळ्या पडणार, तोच एवलालियाबाई ताडकन उठल्या.

"टाळ्या नंतर! आधी सगळ्यांनी पोरीला हात लावा!"

नेरेइदाच्या तोंडचं पाणी पळालं. बाळाचं कौतुक करायचं तर त्याला हात लावून, नाहीतर दृष्ट लागते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तिनं पन्नास जणांना दुरूनच कौतुक करायला लावलं होतं.

"आई, बस ना खाली!"

"तू गप्प. पोर किरकिरलं की अंड्यानं दृष्ट काढायला मलाच बोलावशील."

कुणी हसलं नाही. खुर्च्या सरकल्या, रांग लागली. एकेक जण शिमेनाच्या कपाळाला बोट लावून गेला. नेरेइदाला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. वर्षभर घासून लिहिलेली कविता, आणि लोकांच्या लक्षात राहणार आजीचा तमाशा!

"झालं समाधान?" ती खाली येऊन म्हणाली. "बुडवलीस माझी कविता."

"बुडवली?" बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं वेडे, तुझ्याआधी तिघींनी आपापल्या पोरांवर वाचलं. मी जागची हलले का? नुसत्या बडबडीनं कुठं दृष्ट लागते? तुझं ऐकलं आणि मांडीवरच्या पोरीचे डोळे मला पहिल्यांदा दिसले बघ. घाबरले मी."

त्यांनी शिमेनाला डाव्या हातावर घेतलं आणि उजव्या हाताचा तळवा लेकीच्या कपाळावर टेकवला.

"हे काय? मला कशाला?"

"थांब गं जरा," बाई म्हणाल्या. "तुझंही कौतुक करायचंय मला."