मुद्देमालातली आक्का

"आधी ही जप्त करा, मग काय लिवायचं ते लिवा," असं म्हणत निशानं वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लांबट वस्तू हवालदाराच्या टेबलावर आपटली.

आकाराम हवालदारानं कागद उलगडला आणि तो खुर्चीतून ताडकन उठून उभा राहिला. नोकरीत त्यानं रक्ताळलेले कोयते हाताळले होते, एका गारुड्याचा जिवंत नागही पंचनाम्यात धरला होता. पण तेव्हा असा दरदरून घाम फुटला नव्हता. कागदात वेताची छडी होती. मुठीला सायकलची काळी ट्यूब गुंडाळलेली, अंग तेल पिऊन तांबूस झालेलं. मधल्या काळात वेत दोन-चारदा बदलला असेल, पण मूठ तीच होती. डोळे बांधून कुणी हातावर टेकवली असती तरी त्यानं ती ओळखली असती. ही आक्का होती.

हंबीरराव सर आपल्या छडीला आक्का म्हणत. "आक्काला बोलवू काय?" एवढं विचारलं की साठ पोरांचा वर्ग असा चिडीचूप होई, की बाहेर रस्त्यावर बायका भाजीवाल्याशी काय घासाघीस करतात ते आत स्पष्ट ऐकू येई. खंडेनवमीला शाळेत घंटेची, पृथ्वीच्या गोलाची, हार्मोनियमची पूजा व्हायची, तशी आक्काचीही व्हायची. पोरांनी घरून झेंडूची फुलं आणायची, आक्काला वाहायची आणि ओळीनं तिच्या पाया पडायचं. वर्षभर जी झोडपते तिलाच आपण हार घालतोय, यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यात कधी आलं नाही. आकारामच्या तर नाहीच, कारण सगळ्यात मोठा हार त्याचाच असे.

"कुणी मारलं?" त्यानं उगाचच विचारलं.

"हंबीरराव सरांनी. सर खुर्चीत बसले, खुर्ची करकरली, पोरं हसली. बाकीच्यांनी तोंड दाबलं, ह्याला दाबता आलं न्हाई." निशानं पाठीमागं लपलेल्या आर्यनला पुढं ओढलं. पाचवीतलं किडकिडीत पोरगं. उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी. निशा राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नर्स होती, त्यामुळं पट्टी मात्र कशी झोकात बांधली होती. "हाड वाचलं म्हणायचं. मी तशीच शाळेत गेले आन् ही त्यांच्या हातनं काढून आणली."

"सरांच्या हातनं?"

"मग काय भिंतीच्या हातनं?"

आक्काला सरांच्या हातातून काढून घेणारं माणूस या भूतलावर असेल, असं आकारामला वाटलं नव्हतं. त्यानं निशाकडं जरा नीट बघितलं आणि आवाज मऊ केला. "ताई, उद्या खंडेनवमी, परवा दसरा. ऐन सणात मास्तरला चौकीत वढायचं म्हंजे..."

"सण आला म्हणून त्यांनी मारायचं थांबवलं हुतं व्हय?"

आकारामनं लिहायची वही मिटली. "सायेब उद्या सकाळी हायत. सरांनाबी बोलवतो. समोरासमोर बसू," असं म्हणून त्यानं वेळ मारून नेली आणि आक्काला मुद्देमालाच्या खोलीत, लाठ्यांच्या शेजारी उभं केलं. दार लावताना त्यानं एकदा मागं वळून पाहिलं. न जाणो, आली बाहेर तर!

आकारामची एक गंमत होती. त्याच्या उजव्या हाताची करंगळी मिटत नसे. चहाचा कप धरला की ती एकटी ताठ उभी राही, एखाद्या गोऱ्या साहेबासारखी. चौकीतले लोक त्याला लाटसाहेब म्हणत. कुणी विचारलं तर तो सांगे, "पन्हाळ्याच्या पैलवानाला ढाक लावताना मोडली." कोल्हापुरात कुस्तीत मोडलेल्या हाडाला मान असतो, त्यामुळं पुढं कुणी खोदून विचारत नसे. खरं म्हणजे आकाराम तालमीत गेला होता तो आयुष्यात फक्त एकदा, आणि तोही नारळ फोडायला. पण खोटी गोष्ट इतकी वर्षं सांगितली की ती अंग धरते. अलीकडं तर त्या पैलवानाचा चेहराही त्याला आठवू लागला होता.

त्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना त्यानं कप डाव्या हातात धरला.

दुसऱ्या दिवशी आकाराम चौकीत आला तेव्हा उदबत्तीचा वास सुटला होता. पूजा मांडायचं काम शिपाई कृष्णातचं. त्यानं पांढऱ्या चादरीवर रायफली, लाठ्या, बेड्या, वायरलेसचा संच, सगळं ओळीनं मांडलं होतं. आणि मधोमध, सगळ्यात मोठा झेंडूचा हार घालून, हळदकुंकवानं माखलेली आक्का!

"अरं मुडद्या, मुद्देमाल हाय त्यो!" आकाराम ओरडला.

कृष्णातचं तोंड पडलं. तोही त्याच शाळेचा. "हवालदार, खोली उघडली तर आक्का समोर. खंडेनवमीचा दिवस. हातानं आपोआपच हार घातला की वो. पायाबी पडलो."

तेवढ्यात फौजदारसाहेब आले. साहेब तरुण, बदलून आलेले, विदर्भातले. त्यांनी पूजेवरून नजर फिरवली आणि ते छडीवर वाकले. "हवालदार, हिच्यावर रक्त आहे! पोराला इतकं लागलंय?"

"कुंकू हाय सायेब."

"आणि हे पिवळं?"

"हळद."

साहेबांनी डोळे मिटून घेतले. बहुधा बदलीचा अर्ज कसा लिहायचा याचा विचार ते करत असावेत.

निशा आर्यनला घेऊन आली आणि दारातच थबकली. "पुरावा दिलता मी तुमच्याकडं. तुमी तिची पूजा मांडली?" कृष्णात रायफलीच्या मागं तोंड लपवायला जागा शोधू लागला. मागोमाग हंबीरराव सर आले. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, ताठ मान. त्यांनी पूजा पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा बाई," ते निशाला म्हणाले, "पोलिसांना कळतंय, तुम्हाला कळत नाही."

आता चौकीत बसायला आलेली माणसं गप्प राहतील तर ते कोल्हापूर कसलं? मुरगूडचे एक पाहुणे खिसा कापला म्हणून तक्रार द्यायला आले होते, ते खिसा विसरून पुढं सरकले. "पेपरात आलंय म्हनं, सरकार कायदा करणार. छडी मारली की मास्तर आत! आमचं मास्तर तर उलटं टांगायचं. बिघडलो काय आमी?"

"आमच्या गणिताच्या मास्तरनं तर पट्टी मोडली पाठीत," कृष्णात म्हणाला. "नवी आणायला मलाच पाठवलं."

चहा घेऊन आलेल्या झुंबरबाईही मागं राहिल्या नाहीत. "माझ्या भावाला खांबाला बांधलंतं दिवसभर. आज ग्रामसेवक हाय!"

कुणाचा मास्तर जास्त मारकुटा यावर चढाओढ सुरू झाली. प्रत्येकाला आपलाच मास्तर अव्वल ठरायला हवा होता. सर प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. "आता सांगा," ते साहेबांना म्हणाले, "जन्मभर मी पोरं घडवली. तो गुन्हा म्हणायचा? आणि ह्या पोराच्या बापालाही मीच शिकवलाय. प्रसेनजीत. हुशार पोरगा. कुठं असतो तो?"

"गुळाच्या मार्केटात हमाली करतात," निशा म्हणाली. "सातवीत शाळा सोडली त्यांनी. का सोडली, कधी इचारलं तुमी?"

सरांची डोलणारी मान थांबली.

"इथं सगळी सांगायल्यात, मार खाल्ला आन् मोठं झालो. जी पळून गेली ती कुठं हायत सांगायला? आमाला शिका म्हणून सांगितलंय. मार खावा म्हणून न्हाई."

साहेबांनी हळूच आकारामला बाजूला घेतलं. "हवालदार, तुम्ही इथले. दोघांना समजावा आणि मिटवून टाका. तक्रार लिहिली की सरांची नोकरी लटकेल. रिटायरमेंट जवळ आलीय त्यांची."

आकारामला तेच हवं होतं, आणि तेच नकोही होतं. सरांनी त्याला अक्षर शिकवलं होतं, त्या अक्षरावर त्याची नोकरी चालली होती. तो पुढं होऊन निशाला म्हणाला, "ताई, सर मानूस चांगलं हाय. आमच्या भल्यासाठीच..."

वाक्य पुरं झालं नाही. सरांनी पूजेतून आक्का उचलली होती. वाईट हेतू काहीच नव्हता. कुंकू आणि फुलांच्या पाकळ्या झटकाव्यात म्हणून त्यांनी ती सवयीनं एकदा हवेत हाणली.

सप्प!

मुरगूडच्या पाहुण्यांनी डोळे गच्च मिटले. कृष्णातचे दोन्ही हात पाठीमागं गेले आणि हातातली आरतीची घंटा किणकिणत जमिनीवर पडली. झुंबरबाईंनी किटली छातीशी धरली. लांबचे, या शाळेशी काही देणंघेणं नसलेले फौजदारसाहेबसुद्धा खुर्ची सोडून उभे राहिले. आर्यन टेबलाखाली शिरला.

आणि आकाराम हवालदार, खांद्यावर फिती, कमरेला पट्टा, मिशीला पीळ, भर चौकीत उजवा हात पुढं पसरून उभा होता. डावा हात पाठीवर, मान एका बाजूला वळवलेली, डोळे मिटलेले. अगदी सातवीत उभा राहायचा तसा.

हसण्यासारखंच होतं सगळं. पण हसलं कुणी नाही. सर त्या पसरलेल्या तळव्याकडं बघत राहिले. चार बोटं जुळलेली आणि करंगळी तेवढी फटकून वेगळी, वाकडी.

"आकाराम," सरांनी विचारलं, "बोटाला काय झालं?"

"कुस्तीत मोडलं सर," कृष्णात मदतीला धावला. "पन्हाळ्याच्या पैलवानाला ढाक लावताना."

"कुस्तीत? हा?" सर म्हणाले. "हा तर लंगोट बघून पळायचा..." आणि बोलता बोलता ते थांबले. हातातली छडी त्यांनी सावकाश खाली केली. त्यांना आठवलं असावं. फळ्याजवळची जागा, शनिवारची सकाळची शाळा आणि हात आखडून घ्यायच्या आत बसलेला तो एक फटका.

"कुस्तीतच, सर," आकाराम म्हणाला. इतक्या वर्षांत हे खोटं त्यानं एवढ्या मायेनं कधी सांगितलं नव्हतं.

मग तो खाली वाकला. टेबलाखालच्या आर्यनला त्यानं हाताला धरून, पट्टीला धक्का न लावता, बाहेर काढलं आणि आपल्याच खुर्चीवर बसवलं. स्वतः स्टूल ओढून घेतलं. कोरा कागद पुढ्यात घेतला. "ताई, सांगा. सुरवातीपासनं सांगा."

"हवालदार..." साहेब म्हणाले.

"लिहू दे त्याला, साहेब," हंबीरराव सर म्हणाले.

निशा सांगत गेली, आकाराम लिहीत गेला. लिहून झाल्यावर सरांनी कागद मागितला. वाचला. "मारलंय मी. खोटं काही नाही यात." जबाबावर सही करून त्यांनी कागद परत दिला. "अक्षर छान झालंय तुझं."

"आक्काची किरपा," मुरगूडचे पाहुणे म्हणाले. कुणीच त्यांच्याकडं बघितलं नाही, तेव्हा त्यांना आपला कापलेला खिसा आठवला.

आकारामनं आक्काचा हार काढला, तिला कापडात गुंडाळलं आणि लाखेचं सील ठोकलं. कुंकू पुसायचं नाही असं साहेबांनी बजावलं होतं. पुराव्याला हात लावायचा नसतो.

दसऱ्याला संध्याकाळी सोनं द्यायला सरांच्या घरी दरवर्षी जुन्या विद्यार्थ्यांची रीघ लागायची. चपला बोळाच्या तोंडापर्यंत जायच्या. या वर्षी बातमी गावभर झाली होती. कुणी रागावून आलं नाही, कुणी चौकशीत आपलंही नाव येईल म्हणून आलं नाही. आकाराम दारात चपला काढू लागला तेव्हा तिथं सरांचीच जोडी तेवढी होती.

सर खुर्चीत बसले होते. हाती काही नसलं की हातांचं काय करायचं हे त्यांना कळत नसावं. ते एकसारखं धोतराचा काठ सारखा करत होते. आकारामनं आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला. "सोनं घ्या, सर."

"तू आलास," सर म्हणाले.

"न यायला काय झालं?"

सरांनी ताटातलं एक पान उचललं. आकारामनं उजवा हात पुढं केला, तळवा वर करून. सर क्षणभर थबकले. मग त्यांनी पान त्या तळव्यावर ठेवलं आणि आपल्या हातांनी त्याची बोटं एकेक करून पानावर मिटवली. अंगठा, तर्जनी, मधलं, अनामिका. करंगळीही मिटवायला गेले.

ती मिटेना. त्यांनी पुन्हा हळूच दाबून पाहिली.

"ऱ्हाऊ द्या सर," आकाराम म्हणाला. पण सरांनी ती सोडली नाही. आत त्यांच्या बायकोनं चहा गाळला, कप आणून ठेवले, चहा निवला, तरी ते ती करंगळी हातात धरून बसले होते.