गुडघा टेकून

तिने दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, डॉक्टरीणबाईंच्या भुवईवर तो झरझर फिरवला, आणि तेवढ्यात पार्लरच्या मागच्या खुर्चीतली कॉलेजकन्या फोन उंच धरून म्हणाली,

"बघा हं, आता बसतो. हा बघा, बसला."

तो बसला, हे खरंच होतं. अख्खं गाव ते आठवडाभर पुन्हा पुन्हा बघत होतं. बाजारपेठेत एका माथेफिरूने बंदूक काढली, पोलिसांची गाडी आली, दोन हत्यारी शिपाई उतरले. एक पुढे धावला, दुसरा गाडीच्या चाकाआड खाली बसला. पहिल्याने त्या माणसाला गोळी घालून आडवा केला खरा, पण तोवर घड्याळवाल्याच्या मांडीत माथेफिरूची गोळी शिरली होती. वरच्या कुठल्याशा गॅलरीतून कुणीतरी हे सगळं टिपलं होतं.

त्या दिवशी टेबलाखाली, माळ्यावर, संडासात लपलेल्या लोकांना आता भलतीच वाचा फुटली होती. पोलीस उशिरा आले म्हणणारे तेच, आणि आल्या आल्या गोळी कशाला झाडायची, पायावर मारता आली नसती का, म्हणणारेही तेच. घरातलं झुरळ ज्यांच्या हातून मरत नाही, ते नेम कसा धरावा यावर तासन्‌तास बोलत होते. बसलेल्या शिपायाचं तर त्यांनी बारसंच केलं होतं. बसकेराव.

"फुकटचा पगार खातात मेले," डॉक्टरीणबाई मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "आमच्या ह्यांच्या हातात बंदूक असती ना, तर मिनिटात निकाल लावला असता."

ह्यांनी त्या दिवशी दवाखान्याचं शटर आतून ओढून घेतलं होतं. घड्याळवाल्याला शेवटी हातगाडीवर घालून दुसरीकडे न्यावं लागलं, हे बाजारातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाईंच्या तोंडावर कोण बोलणार? ती तर नाहीच. दोरा दातात असला की बोलता येत नाही, या धंद्यातली ही एक मोठी सोय.

तिचा नवरा पोलिसात आहे एवढं गिऱ्हाइकांना माहीत होतं. पण शिरस्त्राणामुळे त्या चित्रात चेहरा दिसत नव्हता. तिने मात्र त्याला पाठीवरून ओळखला होता. इतक्या वर्षांची पाठ ती, चुकणार थोडीच. तिने त्याला विचारलं नव्हतं, आणि तो आपण होऊन काही बोलला नव्हता. मैदानावर सराव चालतो तेव्हा शिपाई एक गुडघा जमिनीला लावून नेम धरतात, हे तिने एकदा पाहिलं होतं. तेच असणार, असं तिने स्वतःला रोज समजावलं होतं, आणि समजावता समजावता ते तिला खरंही वाटू लागलं होतं.

कोपऱ्यात वकिलांच्या सासूबाई डोक्याला रंग थापून बसल्या होत्या.

"मला त्याच्या बायकोची कीव येते," त्या म्हणाल्या. "कसं तोंड दाखवत असेल चारचौघांत? मी असते तर सरळ म्हटलं असतं, भर बाबा बांगड्या आणि बस घरी."

तिने दातातला दोरा काढला.

"तो बसला नव्हता. नेम धरायला गुडघा टेकला होता त्याने."

कॉलेजकन्या फसकन हसली. "तेच तर म्हणतंय ना सगळं गाव, ताई. गुडघे टेकले."

हसता हसता सासूबाईंच्या कपाळावर रंगाचा ओघळ आला. डॉक्टरीणबाई तर खुर्चीत गदगदा हलत होत्या.

"गुडघे नाही. गुडघा," ती म्हणाली. "एक. बंदूक हलू नये म्हणून एकच गुडघा लावतात, शिकवतातच तसं. मला माहीत आहे, कारण तो माझा नवरा आहे."

डॉक्टरीणबाई एक भुवई कोरलेली आणि एक जंगलासारखी, अशा उठून बसल्या.

"अगं बाई, मग आधी नाही का सांगायचं? मला वाटलंच होतं, एवढा उंचापुरा माणूस घाबरेल कसा."

कॉलेजकन्येची बोटं एव्हाना फोनवर नाचू लागली होती. बसला नव्हता, नेम धरत होता. संध्याकाळपर्यंत बसकेरावांचा वाघ झाला. शिव्या ज्यांनी दिल्या, त्यांनीच आता सलाम ठोकले, आणि आपलं तसं आधीपासूनच मत होतं म्हणून सांगितलं. कुणाची जीभ म्हणून जड झाली नाही.

ती घरी आली तेव्हा नवरा दारातच उभा होता, हातात फोन घेऊन.

"हे कुणी सांगितलं?"

"मी."

"एक गुडघा म्हणालीस?"

"हो. मग?"

"दोन्ही टेकले होते," तो म्हणाला. "पाय लटपटले. नेमबिम काही नाही. घड्याळवाल्याला लागली ती मी खाली बसल्यावर. साहेबांना त्याच दिवशी सांगून आलो. काल त्यालाही जाऊन सांगितलं."

"काय म्हणाला तो?"

"बाहेर हो म्हणाला."

तिला त्याचा संताप आला. गप्प बसला असता तर काय बिघडलं असतं? आयता वाघ झाला होता. तिलाही उद्या ताठ मानेने दुकान उघडता आलं असतं. एवढा उंचापुरा माणूस, आणि घाबरला? हे सगळं तिच्या डोक्यात थेट डॉक्टरीणबाईंच्या आवाजात चाललं होतं. ते लक्षात आलं तशी तिला स्वतःची शिसारी आली.

फोन वाजला. डॉक्टरीणबाईच होत्या.

"रविवारी सत्कार ठरवलाय आपण त्यांचा. ह्यांच्या हस्ते. हार सांगून झाला, नाही म्हणायचं नाही."

तो तिच्याकडे बघत होता. तिने त्याच्याकडे पाठ केली नाही.

"सत्कार नको, बाई. माझीच चूक झाली. दोन्ही गुडघे होते."

"म्हणजे?"

"म्हणजे घाबरला तो. पाय गळाले म्हणून बसला. ज्यांना सांगायचं त्यांना त्याने सांगितलंय, आता तुम्हाला मी सांगते."

"अगं, पण मी सगळ्या गावाला सांगून बसले ना."

"तुम्हीही बसलात म्हणजे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.